चतुःसीमा

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
आमच्या काउंटीत शहाणे-खुळे सगळेच चढतात:
लग्नाचा परवाना, हरणाच्या शिकारीचा परवाना,
ट्रकची नंबरप्लेट, मेलेल्या बापाचा दाखला,
सगळं याच बारा पायऱ्यांवर.
तेरावी होती. रस्ता डांबरी झाला तेव्हा जमिनीत गेली.

घुमटावरच्या घड्याळाला चार तोंडं.
उत्तरेचं दहा मिनिटं पुढे; तिकडे बँक आहे.
पूर्वेचं त्र्याहत्तरच्या वादळापासून पावणेचारवर.
दक्षिणेच्या तोंडात कबुतरं.
पश्चिमेचं बरोबर चालतं, पण पश्चिमेला
आता बघणारं कुणी नाही, नुसते पाइन.

मी तळघरात. दस्तनोंदणी, एकतीस वर्षं.
ऑर्लीन स्टबलफील्ड, असं दारावर लिहिलंय,
शेवटचा ड पुसलेला.
वर काय चाललंय ते पावलांवरून कळतं:
शेरीफची टाच, प्रोबेट जजची काठी,
आणि दर दुसऱ्या मंगळवारी
पाच कमिशनरांच्या खुर्च्या.
तीन विरुद्ध दोन. विषय कुठलाही असो, तीन विरुद्ध दोन.
खडी कुणाच्या रस्त्यावर पडणार
हे मला आधी छतातून ऐकू येतं.

टेबलामागे नकाशा.
वरच्या अंगाला लाल मातीचे चढ, खाली दलदल,
मधून चिकाबोला नदी.
एकोणतीसच्या पुरात तिने झोपेत कूस बदलली.
हद्द मात्र हलली नाही. कायद्यात ती अजून
जुन्या पात्राच्या मध्यावर आहे, जिथे आता बेडूक.
आमचा एक तुकडा पलीकडे राहिला:
अकराशे एकर, नऊ घरं, एक चर्च.
नकाशात त्याला नाव नाही. आम्ही म्हणतो, पलीकडचे.
पूल नाही. मत द्यायला ते
दोन परक्या काउंट्यांतून बेचाळीस मैल येतात.
येतात.

गुरुवारी वर्डेल टिस्डेल आली, पलीकडची,
चर्चची टोपी घालून, आजोबांच्या चाळीस एकरांसाठी.
लाकूड कंपनी म्हणते, आमचे.
मी सतरावं पुस्तक काढलं, दोन्ही हातांनी.
ती चष्मा गाडीत विसरली होती,
किंवा तिला ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं:

पूर्वेस वीज पडलेलं गोंदाचं झाड.
पश्चिमेस विधवा लव्हलेसचा कापूस.
उत्तरेस नदीच्या पाण्याचा मध्य.
दक्षिणेस न हलणारा दगड.

झाड गेलं. विधवा गेली, तिच्यामागे कापूस.
नदीचं मी सांगितलंच.
"दगड आहे," ती म्हणाली.
"आजोबा आम्हा प्रत्येक पोराला त्यावर बसवायचे
आणि एक चापट द्यायचे.
जागा लक्षात राहावी म्हणून."
तिने गालाला हात लावला. डाव्या.

एकोणीसशे आठच्या आधीची पुस्तकं नाहीत.
जुनं कोर्ट जळालं. रविवारी, वारा नसताना.
त्या राखेतून कोण वर आलं
त्यांची नावं वरच्या भिंतीवर पितळेत आहेत.
मी पुसते ती, नाताळाआधी.

जिन्याजवळ ती पाणी प्यायली.
नळाशेजारी भिंतीत एक बुजवलेलं वर्तुळ आहे,
सात वेळा रंग देऊनही दिसणारं.
"आमचा इथे होता," ती म्हणाली.
"आम्ही भावंडं पैज लावायचो,
यांच्या नळाला गारच येत असेल का."
मग तोंड पुसून: "नाही हो. कोमटच."

नकलेचे पानाला एक डॉलर. मी घेतला, नियम आहे.
समासात लिहायचं नाही हाही नियम आहे.
पेन्सिलीने लिहिलं, बारीक:
दगड आहे. साक्षीदार जिवंत.

माझ्या खिडकीतून फक्त पाय दिसतात.
काळे बूट, एकेक पायरी, कठड्याला धरून.
बारावीनंतर ती थांबली.
उजव्या पायाने खाली हलकेच चाचपलं,
तेरावीसाठी,
आणि डांबर लागलं.